सुपड्याचं चित्र

माझ्या धंद्यात मला जे काही येतं ते गोविंद लांजेवार सरांमुळे येतं. हे वाक्य पहिलंच लिहून टाकतो. पुढे जे लिहायचं आहे ते वाचता वाचता हे विसरलं जाईल, अशी मला भीती वाटते.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं, घर ढिवरांचं. बाबा तलावात जाळं टाकायचे, आई मासोळ्यांची टोपली घेऊन बाजाराला बसायची. एसटीनं जाऊन-येऊन शिकलेला आणि पुढे पदवीपर्यंत पोचलेला आमच्या घरातला मी पहिला. तंत्रनिकेतनात पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो तेव्हा मी मागच्या बाकावर, हात टेबलाखाली धरून बसलो होतो. लांजेवार सर फिरत फिरत आले आणि उभे राहिले.

"काहून रे, हात कायले लपवून राहिला?"

"वास येते सर. मासोळीचा."

"येऊ दे ना मग. कॉम्प्युटरले नाक नाही."

पोरं हसली. मीही हसलो आणि हात वर घेतले. पदविका झाल्यावर मी नोकरी शोधायला निघालो होतो, तेव्हा सरांनी पदवीचा फॉर्म आणून स्वतःच्या हातानं भरला. मी फक्त सही केली. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या घरी जेवायला असायचो. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, माझं ताट कधी वेगळं ठेवलं नाही. एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

आता आमचं काम काय ते सांगतो, कारण सोयऱ्यांना ते अजून कळलेलं नाही. लग्नकार्यात गेलो की कोणी ना कोणी बंद पडलेला मोबाइल माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "पाहा ना जी, तुम्ही कॉम्प्युटरवाले."

राईस मिलमध्ये, खनिज तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, विटांच्या नाहीतर औषधांच्या कारखान्यात कॅमेरे आणि मोजमापाची यंत्रं कॉम्प्युटरला जोडलेली असतात. कॅमेरा तांदळाच्या नमुन्याचा फोटो काढतो; कॉम्प्युटर त्या फोटोतले दाणे मोजून तुटके किती, डागी किती ते सांगतो. किंवा धानातला ओलावा मोजून मोटर चालू-बंद करतो. हे कसं करायचं ते कॉम्प्युटरला समजवावं लागतं. बरेच लोक त्यासाठी ओळीखाली ओळ लिहितात. आम्ही लिहीत नाही, आम्ही चित्र काढतो. पडद्यावर छोटे छोटे चौकोन मांडायचे. एक चौकोन फोटो घेतो, एक दाणे वेगळे करतो, एक मोजतो. मग एका चौकोनातून दुसऱ्यात तार ओढायची. पडद्यावरच, रंगीत तार. सगळ्या तारा जोडल्या की प्रोग्राम झाला.

सर हे बांधीवरून शिकवायचे. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, एकाखाली एक असतात. वरच्या बांधीत पाणी भरलं की बांध फोडून ते खालच्या बांधीत सोडायचं. खालच्या बांधीला दोन बाजूंनी पाणी येत असेल तर दोन्हीकडून आल्याशिवाय तिथं रोवणी करायची नाही. "चौकोनाचं तसंच," सर म्हणायचे. "त्याच्या सगळ्या तारांतून पाणी आलं की तो आपोआप चालते. नाही आलं तं बसून राहते. पीक कुठं वाळलं हे पाहाले जाऊ नको. पाणी कुठं अडलं ते पाहा, आणि खालून वर चढत जा."

मी आजही तसाच चढत जातो. तुमसरला माझी दोन खोल्यांची जागा आहे. बाहेर पाटी आहे, पण पाटी वाचून कोणी येत नाही. मशीन अडली की माणूस येतो. या कामात लोकांना वाटतं की मशीन बंद पडणं वाईट. खरं म्हणजे ते सोपं. बंद पडलेल्या मशीनमध्ये कुठेतरी लाल खूण असते, तुटलेली तार असते. अवघड दुखणं वेगळंच. सगळं चालू असतं, कुठे लाल नसतं, आकडे छान येत असतात आणि ते खोटे असतात.

असाच एक फोन दसऱ्यानंतर आला होता. एका मिलचे सेठ ओरडत होते, "देवानंदभाऊ, तुमची मशीन पागल झाली! पूरा माल लाल दाखवून राहिली!"

गेलो. नमुन्याच्या ताटलीत पांढराशुभ्र तांदूळ, आणि पडद्यावर एकूण एक दाणा डागी. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी खालून वर चढत गेलो. मोजणारा चौकोन बरोबर, रंग ओळखणारा बरोबर. सगळ्यात वर कॅमेरा. खाली वाकून बघितलं तर कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकवाचा भला मोठा टिळा, आणि वर एक अक्षत चिकटलेली.

"सेठ, हे काय?"

"पूजा केली ना खंडेनवमीले. मशीनची पूजा करायची नाही का?"

"करा ना. पण डोळ्यात कुंकू काहून घातलं?"

"मग कुठं लावू?" सेठ खरोखरच वैतागले. "त्याले कपाळ कुठं आहे?"

तेव्हापासून मी प्रत्येक कॅमेऱ्याच्या वर पत्र्याची एक छोटी पट्टी बसवून देतो आणि मालकाला सांगतो, हे कपाळ. सरांना हा किस्सा सांगितला तेव्हा त्यांना हसून हसून ठसका लागला होता. पुढे ते स्वतः बसवायचे त्या कॅमेऱ्यांनाही कपाळ लावू लागले.

सुपड्याची गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीची. मी विद्यार्थी होतो आणि रविवारी सरांच्या स्कूटरवर मागे बसून मिलमध्ये जायचो. नमुना तपासायचे कॅमेरे तेव्हा नवीन होते. मिलमध्ये मोठी मोटर सुरू झाली की विजेचा दाब खाली यायचा, कॅमेरा डोळा मिटायचा आणि पडदा काळा व्हायचा. थोड्या वेळात पुन्हा यायचा, पण तोवर मुनीमजींनी घाबरून चार बटणं दाबलेली असायची, आणि मग सगळंच बिघडायचं. दर आठवड्याला फोन.

सरांनी त्यावर एक चौकोन बनवला. कॅमेऱ्याकडून चांगला फोटो आला तर तो पुढे द्यायचा. नाही आला, तर मघाचा शेवटचा चांगला फोटो पुन्हा द्यायचा. पडदा काळा पडायचाच नाही. प्रत्येक चौकोनावर ओळखीसाठी एक छोटं चित्र काढता येतं. सरांनी त्यावर सुपडं काढलं. धान पाखडायचं बांबूचं सुपडं, अगदी कडेच्या विणीसकट.

"फोल उडवून टाकते, दाणा ठेवते," ते म्हणाले. "पडदा काळा पडला की माणूस घाबरते, देवा. घाबरलेला माणूस बटणं दाबते. त्याले घाबरू द्यायचं नाही."

त्यात चूक काहीच नव्हती. ताटलीतला तांदूळ कुठे पळून जात नाही. मघाचा फोटो आणि आत्ताचा फोटो सारखाच. फोन बंद झाले. आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना सरांनी तो चौकोन दिला, आणि आम्ही तो जिथे जाऊ तिथे वापरला. जिल्ह्यातल्या निम्म्या मिलमध्ये सरांचं सुपडं पडद्यामागे गुपचूप पाखडत बसलेलं असेल.

आता ज्या मिलबद्दल लिहितो तिचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. तुमसरच्या बाजूची, उकड्या तांदळाची मिल. तिथे धान आधी उकडतात, मग ते ओलं धान एका उंच लोखंडी कोठीत पडतं. कोठीच्या तळाशी गिरमिटासारखा एक जाड दांडा फिरतो. तो धान खाली ओढतो आणि वाळवायला पाठवतो. ओलं धान कोठीच्या अंगाला ढेकळासारखं चिकटून बसतं, तेव्हा एक माणूस वरून आत उतरतो आणि बांबूनं ते मोकळं करतो. तो आत असताना खालचा दांडा फिरता कामा नये. फिरला तर पायाखालचं धान खचत जातं आणि माणसाला घेऊन जातं.

पूर्वी या कामाला दोघं लागायचे. एक आत उतरायचा, कमरेला दोर बांधून. दुसरा कोठीच्या तोंडाशी दोर धरून उभा राहायचा. मग त्या मिलच्या सेठनी कोठीवर कॅमेरा लावून घेतला. आत माणूस दिसला तर प्रोग्राम लाल दिवा लावणार, नाही दिसला तर हिरवा. तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या कामावर पाठवलं. दोर खुंटीला लटकत राहिला. कॅमेरा आहे ना, असं सगळे म्हणू लागले.

पॅनलवर, म्हणजे बटणांच्या खोलीत, प्रज्ञा बसायची. आयटीआय झालेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, त्या मिलमध्ये पॅनलवर बसलेली पहिली बाई. कोठीत उतरायचे ते तुळशीरामभाऊ. त्यांचं वय प्रज्ञाच्या वडिलांएवढं. दोघांनी आपसात एक रीत पाडली होती. आत उतरण्याआधी तुळशीरामभाऊ कोठीच्या तोंडावर उभे राहून कॅमेऱ्यासमोर खांद्यावरचा दुपट्टा हलवायचे. प्रज्ञाला पडद्यावर दुपट्टा दिसला की ती मोटरची चावी काढून स्वतःच्या ओढणीला बांधायची. ते वर आले की पुन्हा दुपट्टा. मगच चावी परत लागायची. ही रीत कोणी शिकवली नव्हती. कुठे लिहिलेलीही नव्हती.

गेल्या हंगामात एका दुपारी तुळशीरामभाऊंनी दुपट्टा हलवला असणार. हलवल्याशिवाय ते कधी उतरले नव्हते. प्रज्ञाला तो दिसला नाही. तिच्या पडद्यावर नुसतं धान होतं आणि दिवा हिरवा होता. तिनं मोटर सुरू केली.

आमच्या घरात पाण्यात बुडालेल्या माणसांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. धानातही माणूस बुडतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

पोलीस आले तेव्हा पडदा बरोबर होता, कॅमेरा बरोबर होता, कोठीतली गर्दी स्पष्ट दिसत होती आणि दिवा लाल होता. मग चूक कोणाची? मोबाइलमध्ये पाहत असेल, लोक म्हणाले. बाईला पॅनलवर बसवलं तेव्हाच आम्ही सांगितलं होतं, असंही म्हणाले. प्रज्ञावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. तिला जामीन मिळाला, पण गावात तिच्याशी कोणी बोलेना. तुळशीरामभाऊंच्या घरी ती भेटायला गेली तर त्यांच्या सुनेनं दार लावून घेतलं.

सेठचा मला फोन आला. त्यांना एक कागद हवा होता: कॅमेरा आणि प्रोग्राम तपासला, ठीक आहे, अमुकची सही. "लांजेवार सरच म्हणाले, देवाला बोलवा," ते म्हणाले. सर निवृत्तीनंतर नागपूरला मुलाकडे राहायला गेले होते. तो कॅमेरा त्यांनीच, जाण्याआधी, बसवून दिला होता.

मी गेलो. कोठीवर चढून पाहिलं. कॅमेऱ्याच्या वर पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर वाळलेलं कुंकू. काच स्वच्छ. खाली येऊन कॉम्प्युटर उघडला. काम अगदी सुंदर होतं. रेषा सरळ, तार तारेवर चढलेली नाही, प्रत्येक चौकोनाखाली सरांच्या पद्धतीनं दोन शब्द मराठीत. कुठे लाल नाही. माणूस ओळखणारा चौकोन बरोबर. दिवा लावणारा बरोबर. मी खालून वर चढत गेलो. सगळ्यात वर, कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, सुपडं होतं.

मी पुष्कळ वेळ त्या चित्राकडे बघत बसलो. कडेची वीणसुद्धा तशीच होती.

नुसतं पाहून सांगणं मला पटेना. दुसऱ्या दिवशी सेठना सांगून कोठी रिकामी करवून घेतली. खालच्या मोटरचे फ्यूज काढले आणि स्वतःच्या खिशात ठेवले. खुंटीवरचा दोर काढून कमरेला बांधला, दोन हमालांच्या हातात दिला. प्रज्ञाला पॅनलवर बोलावलं. ती येईना, तिचा भाऊ घेऊन आला. सेठ आणि त्यांचे वकील तिच्या मागे उभे राहिले. मी तिला सांगितलं, मोबाइल चालू ठेव आणि दिसते ते बोलत राहा. मग वाळवणीचा मोठा पंखा सुरू करायला लावला. तो सुरू होताना मिलमधले दिवे मंद झाले, पुन्हा उजळले. कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. मी कोठीच्या तोंडावर उभा राहून दुपट्टा हलवला.

"काय दिसते, प्रज्ञा?"

"कोठी दिसते, दादा."

"दुपट्टा?"

"नाही."

मी आत उतरलो. लोखंडाची कोठी, रिकामी असूनही ओल्या धानाचा आंबूस वास. अगदी मधोमध, कॅमेऱ्याच्या खाली, तोंड वर करून उभा राहिलो.

"आता?"

"कोठीच दिसते. रिकामी."

"मी कुठं आहो?"

मग ती म्हणाली, "तुम्ही नाहीच, दादा."

"दिवा?"

"हिरवा."

त्यानंतर तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि मागून सेठ कोणाला तरी म्हणत होते, "बंद करा, ते बंद करा." तोवर सुपडं मघाचा, रिकाम्या कोठीचा फोटोच देत राहिलं होतं. थोड्या वेळानं कॅमेरा आपोआप जागा झाला. पडद्यावर मी आलो, दिवा लाल झाला. त्या दिवशी पोलीस येईपर्यंत हेच झालं होतं.

वर आलो तेव्हा सेठचा चेहरा उतरलेला होता. ते वाईट माणूस नाहीत. तुळशीरामभाऊंच्या दिवसकार्याला शेवटपर्यंत उभे होते. पण चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "भाऊ, हे इथंच राहू द्या. तुम्ही फक्त लिहा, आज रोजी मशीन ठीक आहे. आज ठीक आहेच ना?"

"आणि प्रज्ञा?"

"तिले वकील मी देतो ना. चांगला देतो."

मी मान हलवली नाही. तेव्हा ते जरा कडक झाले. "तुमच्याच सरनं बसवलं हे. ज्याच्या हातचं खाल्लं त्यालेच फसवता का?"

वकील शांतपणे म्हणाले, "आणि तुम्ही लिहिलं तरी काय सिद्ध होते? तो चौकोन कोणीही मागाहून टाकू शकते. त्या बाईनं टाकला असेल. काल दिवसभर तुम्ही बसले होते, तुम्ही टाकला असेल. तो पहिल्यापासून होता हे सांगणार कोण?"

सांगू शकणारा एकच माणूस होता.

मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. दुपट्ट्याचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मी तो ताटलीसाठी बनवला होता, देवा."

"हो सर."

"सेठनं घाई केली. धानाची आवक सुरू झाली होती. मी म्हटलं, चाललेला चौकोन आहे, तोच लावू."

"हो सर."

"बाईंची तब्येत बरी नाही. मुलाच्या घरी राहून राहिलो आम्ही." मग त्यांनी विचारलं, "माझं नाव लिहावंच लागते का रे?"

मी म्हणालो, "कळवतो, सर." फोन ठेवला. त्यानंतर दोनदा फोन केला, तर त्यांनी उचलला नाही.

मला राग आला नाही, हे खरं लिहितो. ज्यानं मला हात टेबलावर घ्यायला सांगितलं त्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. आठवडाभर मी दुसरी कामं केली. एका मिलमध्ये गेलो, तिथला ओलावा मोजणारा प्रोग्राम उघडला, आणि तिथेही सुपडं दिसलं. तिथं ते निरुपद्रवी होतं. तरी मी ते काढलं. मुनीमजी म्हणाले, "भाऊ, आता पडदा काळा पडते." मी म्हणालो, "पडू द्या. काळा पडला की काम थांबवा आणि उठून पाहाले जा."

हे बोलल्यावर माझं मीच ऐकलं. घरी येऊन अहवाल लिहिला, तो पोलिसांना दिला, आणि सरांना पत्र लिहिलं. सर म्हणायचे की कामाचं बोलणं वाऱ्यावर सोडू नये, लिहून द्यावं. म्हणून पत्र.

लेखात प्रज्ञा आणि तुळशीरामभाऊ ही नावं बदललेली आहेत. सरांचं नावही मी बदललं होतं. छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "माझं खरं घाल. आणि पत्र पूर्ण छाप." म्हणून पूर्ण देतो.

*

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर कळवायला उशीर झाला. अहवाल मी आज दिला. त्यात तुमचं नाव आहे.

मी तो तीन प्रकारे लिहून पाहिला. एकात 'अज्ञात व्यक्तीने बनवलेला चौकोन' असं लिहिलं होतं. पण तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं की ज्यानं चित्र काढलं त्याचं नाव चित्राखाली असलं पाहिजे, म्हणजे पुढच्या माणसाला विचारता येतं. मी तो पुढचा माणूस आहे, सर. मला विचारायचं आहे.

तुम्ही मुद्दाम काही केलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. सुपडं कशासाठी बनवलं, तेव्हा आमच्याकडे विजेची काय दशा होती, त्यानं किती जणांचं काम सोपं केलं, हे सगळं लिहिलं आहे. दोर धरणारा माणूस कोणी काढला तेही लिहिलं आहे. ते ताटलीवरून कोठीवर नेलं तेव्हा काय बदललं, हेही लिहिलं. तांदूळ आपल्याला दुपट्टा दाखवत नाही. माणूस दाखवतो.

वकील म्हणतात, हा चौकोन प्रज्ञानं मागाहून टाकला असेल. तिला तुम्ही ओळखत नाही. ती हुशार आहे. तुम्ही प्रत्येक चौकोनाखाली मराठीत लिहिलेले दोन शब्द तिनं वाचून वाचून पाठ केले होते. तिला प्रोग्राम शिकायचा होता. ती आपल्या वर्गात असती तर पुढच्या बाकावर बसली असती. आता ती घराबाहेर पडत नाही. तो चौकोन पहिल्या दिवसापासून तिथं होता, एवढं एकच वाक्य तुम्ही सांगितलं तर तिचं नाव सुटेल. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यानं सुटणार नाही.

मी जिथं जिथं सुपडं लावलं होतं तिथून काढायला सुरुवात केली आहे. बाकीच्या पोरांनाही फोन केले. काही जण म्हणाले, सरांची खूण आहे, राहू दे. मी म्हणालो, सरांची दुसरीही शिकवण आहे, पाणी कुठं अडलं ते पाहा.

बाईंना नमस्कार सांगा. त्यांच्या हातचं मी विसरलेलो नाही. हे पत्र वाचून तुम्हाला मी कृतघ्न वाटलो तर तसं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्याजवळ शिकलो नसतो तर मला ते चित्र ओळखूच आलं नसतं, आणि मग मी सही करून मोकळा झालो असतो.

सोमवारी पोलिसांपुढे जबाब आहे. सकाळच्या गाडीनं तुम्ही निघालात तर दुपारच्या आत पोचाल. मी तुमसर रोड स्टेशनवर उभा राहतो. तुमची नजर आता कमी झाली आहे म्हणून फलाटावर हात वर करून उभा राहीन. नाही आलात तरी गाडी जाईपर्यंत उभा राहीन.

तुमचा विद्यार्थी,
देवानंद